पहिली मूठ शेजारच्या घरी

मी एक जुना भोपळा आहे. हसलात ना? हसा बापडे. परीक्षेत भोपळा मिळाला की तुम्ही रडता आणि भोपळा बोलायला लागला की हसता, तुमची ही तऱ्हा मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, मी ताटात वाढायचा भोपळा नव्हे. वेलावरच पिकून, वाळून, लाकडासारखा टणक झालेला मी दुध्या भोपळा. माझा गळा बारीक, पोट मोठं, आणि ते पोट आतून पोकळ. त्या पोटात माणसं बी ठेवतात. माझा खरा रंग चुलीच्या धुराचा, म्हणजे काळाकुळकुळीत. सध्या मात्र माझ्या अंगावर पांढऱ्या रंगानं काढलेली, फेर धरून नाचणारी माणसं आहेत. ती कुठून आली ते पुढं सांगणारच आहे. सांगताना माझा आवाज जरा चढेल, तेवढं सोसून घ्या.

माझा जन्म बेळगावकडच्या गुंजीजवळच्या एका खेड्यात, घरामागच्या परसात, शेणखताच्या खड्ड्याशेजारी झाला. आमचा वेल पेरूच्या झाडावर चढला होता. भावंडं पुष्कळ होती. बहुतेकांची भाजी झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही, भाजी होणं हेही कामच आहे. बुंध्याजवळच्या आम्हा दोघा भावांना मात्र घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंनी निवडलं आणि आमच्या देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. आमच्या भागात चिंधी बांधलेलं फळ म्हणजे बियाला राखलेलं फळ. त्याला कुणी हात लावत नाही. चोरानंसुद्धा बाकीची फळं न्यावीत आणि चिंधीचं तेवढं सोडावं, असा शिरस्ता आहे. "चिंधीचं फळ खाल्लेली" ही आमच्याकडं बाईला द्यायची फार वाईट शिवी आहे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

शिमग्यापर्यंत आम्ही वेलावर वाळलो. हलवलं की आत बी खुळखुळायचं. मग सासूबाईंनी आमचे गळे वरून कापले, आतलं बी काढून घेतलं, पोटात पाणी भरून ठेवलं, कुजलेला गर ओतून टाकला आणि पोटात खडे घालून आम्हाला गदागदा हलवलं. त्यानं आतून गुळगुळीत झालो. त्या वेळी फार त्रास झाला, पण आता वाटतं, बरं झालं. पोटात जुनं काही राहिलं की नवं बी टिकत नाही.

त्याच वर्षी घराची वाटणी झाली. दोन भाऊ, दोन सुना, एकाला लागून एक अशी दोन घरं, आणि परसांच्या मध्ये काट्याकुट्यांचं कुंपण. सासूबाईंनी थोरल्या सुनेला, मनुबाईला, माझा भाऊ दिला. धाकट्या सुनेला, नागुबाईला, मी मिळालो. दोघांच्या पोटात त्यांनी एकच बी भरलं, तवशाचं.

तवसं तुम्हाला माहीत आहे का? पावसाळ्यात येणारी, हातभर लांब आणि तुमच्या मांडीएवढी जाड काकडी. बाजारात मिळते ती काकडी म्हणजे तिच्यापुढं अंगठा. आमच्या घरचं तवसं पांढरट, त्यावर हिरव्या रेघा, आणि देठाकडंसुद्धा कडू नाही. गणपतीत ते किसून, गूळ घालून, त्याचे गोड घावणे करतात. पाहुणे म्हणायचे, "नागुबाई, असलं तवसं आख्ख्या खानापूर तालुक्यात न्हाय." नागुबाई वरून म्हणायची, "व्हय काय?" आणि आतून फुगायची. मीही फुगायचो, कारण बी माझ्याच पोटातलं होतं. भोपळ्यानं फुगू नये तर कुणी फुगावं?

आमचं काम असं चाले. चिंधीचं तवसं वेलावर पिवळं होईतो ठेवायचं, मग तोडून काथ्याच्या दोरीनं तुळईला टांगायचं. ते तांबूस झालं की कापायचं, गरासकट बी एका गाडग्यात रात्रभर आंबवायचं आणि सकाळी धुवायचं. पाण्यात तळाला बसतं ते खरं बी. वर तरंगतं ते पोकळ, ते टाकायचं. मग राख चोळून, सावलीत सुपावर खडखडीत वाळवून, आणखी राख घालून माझ्या पोटात भरायचं. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा तुकडा माझ्या तोंडात बुचासारखा बसवायचा, त्यावर शेण लिंपायचं आणि मला चुलीच्या वर, धुरात टांगायचं. आमच्याकडं पाऊस असा पडतो की पेटीतल्या कपड्यांनाही बुरशी येते. पण धुरात टांगलेल्या माझ्या पोटात ना ओल शिरे, ना कीड.

सासूबाईंनी दोघी सुनांना तीन नियम घालून दिले होते. भोपळ्यात ओला हात घालायचा नाही. एकदा तोंड लिंपलं की अक्षय तृतीयेपर्यंत उघडायचं नाही. आणि अक्षय तृतीयेला उघडलं की पहिली मूठ दुसऱ्याच्या घरी द्यायची, मग आपल्या आळ्यात बी टोकायचं. म्हातारी म्हणायची, "आपल्यातलं गेलं, तर तिच्यातलं असतंय."

त्यामुळं दर अक्षय तृतीयेला गंमत व्हायची. नागुबाई कुंपणाच्या फटीतून पहिली मूठ मनुबाईला द्यायची आणि मनुबाई तिची पहिली मूठ नागुबाईला द्यायची. एकाच तवशाचं बी इकडून तिकडं आणि तिकडून इकडं. मला वाटायचं, काय हा पोरखेळ. वाळका भोपळा तो, त्याला अक्कल किती असणार?

सासूबाई वारल्या. पुढं काही वर्षं हे असंच चाललं. मग एका भादव्यात नागुबाईच्या परसातलं, कुंपणावर चढलेल्या वेलाचं, चिंधी बांधलेलं तवसं नाहीसं झालं. देठ विळ्यानं कापलेला होता. आणि लाल चिंधी पडली होती कुंपणापलीकडं, मनुबाईच्या परसात.

झालं. नागुबाईनं कुंपणाशी उभं राहून, अख्खी वाडी ऐकेल अशा आवाजात मनुबाईला ती शिवी दिली. मनुबाई म्हणे हातातली घागर खाली ठेवून तिच्याकडं बघत राहिली. घागर उचलली आणि आत गेली. मी चुलीवर टांगलेला, मला नागुबाईचंच तेवढं ऐकू आलं. पलीकडून उत्तर आलं नाही, एवढं कळलं. नागुबाई म्हणाली, "गप बसली म्हणजे चोरच की." मला तेव्हा तेच पटलं होतं. ज्याच्या चुलीचा धूर खावा त्याची बाजू घ्यावी, असं मी समजत होतो.

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. लग्नात, बारशात, देवळात एकमेकींकडं पाठ. नशीब, त्या साली आदल्या वर्षीचं थोडं बी माझ्या तळाशी शिल्लक होतं, त्यावर नागुबाईचं भागलं. पण पुढच्या अक्षय तृतीयेला तिनं पहिली मूठ कुणाला दिलीच नाही. "एकीला दिलो, त्याचं काय झालं बघितलो," असं म्हणाली आणि सगळं बी स्वतःच्याच आळ्यात टोकलं. (आमच्या बेळगाव-खानापुरात बायकासुद्धा "मी आलो, मी दिलो" असंच म्हणतात. शहरातल्या मित्रांनी दचकू नये.) म्हणजे तेव्हापासून आमच्या घरचं सगळं बी माझ्या एकट्याच्या पोटात, कारण मनुबाईकडचं बी नागुबाई मोजायलाच तयार नव्हती. मला तेव्हा या गोष्टीचा मोठा अभिमान वाटला होता.

एक विचित्र गोष्ट मात्र दरसाल व्हायची. परसाच्या कोपऱ्यात, कुंपणाला लागून, नागुबाईनं काही पेरलेलं नसतानाही एखाददुसरा तवशाचा वेल आपसूक उगवायचा. नागुबाई म्हणायची, "उंदरानं बी न्हेलं असंल." मग उंदराला चार शिव्या द्यायची, आणि त्या वेलाची तवशी चवीनं खायची. माझ्या तोंडाला शेण लिंपलेलं, दोरी शाबूत, त्यात उंदीर शिरणार कुठून? पण भोपळ्याला तोंड असलं तरी जीभ नसते, मित्रांनो. मी कुणाला सांगणार?

वर्षं गेली. नागुबाईचा मुलगा परशराम बेळगावजवळच्या मच्छ्यातल्या एका कारखान्यात लागला. त्याची बायको नीलम, मुलगी आरोही. रोज जाऊन-येऊन तो दमायचा, म्हणून गेल्या वर्षी गणपती झाल्यावर त्यानं मच्छ्यात घर बांधलं आणि सगळ्यांना तिकडं नेलं. गावच्या घराला कुलूप लागलं. नागुबाईनं भांडी-अंथरुणं परशरामवर सोपवली, पण मला मांडीवर घेऊन ती टेम्पोत पुढं बसली. माझ्या पोटात त्या वर्षीचं ताजं बी होतं.

नवं घर चांगलं आहे. मी उगाच नावं ठेवणार नाही. फरशी गुळगुळीत, नळाला पाणी, परसात दोन खोल्यांएवढी मोकळी जागा. पण चूल नाही. नागुबाईनं मला गॅसच्या वरच्या खिळ्याला टांगलं आणि म्हणाली, "धूर न्हाय, तर वाफ तरी घे." वाफ! बी राखणाऱ्याला वाफ घ्यायला सांगणं म्हणजे मिठाच्या बरणीला आंघोळ घालण्यासारखं आहे. पण तिला तरी दुसरी जागा कुठं होती?

थंडीत नागुबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बेळगावच्या दवाखान्यातून सुटल्यावर ती थोडे दिवस तिथल्याच शहापुरात बहिणीकडं राहिली. त्याच दिवसांत आरोहीच्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन लागलं. आरोही म्हणाली, "मम्मी, आज्जीचा भोपळा नेऊ?" नीलम म्हणाली, "ने की. पण असला काळा नको, जरा साफ करून देतो."

नीलम वाईट बाई नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कामाची आहे, मायेची आहे, आणि तिचा हात स्वच्छ आहे. नेमका तोच नडला. तिनं माझं बूच काढलं, पोटातलं सगळं पेपरवर ओतलं. राखेत मळलेलं बी बघून तिला वाटलं, आत्तींना आता दिसत नाही, कचरा साठलाय. (आत्ती म्हणजे सासू.) तांदूळ धुवावेत तसं तिनं ते बी चाळणीत धरून नळाखाली स्वच्छ धुतलं, फडक्यावर टिपलं, आणि ओलसर असतानाच घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरून फ्रिजवर ठेवलं. मला तिनं साबण लावून घासलं. सासूबाईंच्या काळापासूनचा धूर मोरीतून वाहून गेला. मग आरोहीनं माझ्यावर ही नाचणारी मंडळी काढली, वर चकचकीत वॉर्निश मारलं आणि काथ्याची दोरी काढून गुलाबी लेस बांधली. गुलाबी! या वयात!

प्रदर्शनात माझा दुसरा नंबर आला. पहिला एका पितळी अडकित्त्याचा आला. मला त्याचं काही नाही. पण दिवसभर पोरं माझ्या पोटावर टिचक्या मारून बघत होती, "आत काय आहे?" आत काहीच नव्हतं, आणि ते मला पहिल्यांदाच फार लागलं.

घरी आल्यावर नीलमनं डब्यातलं बी परत माझ्यात ओतलं, बूच लावलं, आणि मला बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर टांगलं. नागुबाई परत आली तेव्हा तिच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. तिनं भिंत चाचपत मला हात लावला आणि विचारलं, "ह्यो कुणाचा भोपळा?"

"तुमचाच की, आत्ती," नीलम म्हणाली. "आरोहीनं रंगवला. बी होतं ते आत ठेवलोय."

नीलम खोटं बोलली नव्हती. बी आत होतं. नागुबाईला वाटलं, राखेसकट आहे. आणि अक्षय तृतीयेआधी तोंड उघडायचं नाही हा नियम, त्यामुळं तिनं उघडून बघितलं नाही. मला मात्र आतून कळत होतं. बी एकमेकांना चिकटत होतं, आंबूस वास सुटत होता. टीव्हीवर रोज रात्री लोक खोटं खोटं रडायचे आणि त्यांच्या डोक्यावर मी खरोखर कुजत होतो.

अक्षय तृतीयेला नागुबाईनं परसात आळी केली, हात कोरडा केला आणि माझ्या पोटात घातला. हाताला पांढऱ्या बुरशीचा गोळा लागला. गोळा फोडून त्यातल्या त्यात बरं दिसलं ते सगळं बी तिनं टोकलं. रोज सकाळी आळ्याशी जाऊन बसायची. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी तिनं बोटानं माती उकरून बघितली. बियाचा चिखल झाला होता.

परशरामनं बाजारातून काकडीच्या बियांची पुडी आणली. ती लगेच उगवली. चांगलं बी होतं बिचारं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ते आमचं तवसं नव्हतं. नागुबाईनं त्याला पाणी घातलं आणि पायरीवर येऊन बसली. म्हणाली, "सासूनं दिलेलं बी. तिच्या सासूनं तिला दिलेलं. माझ्या हातात संपलं." आणि रडली. नवरा वारला त्यानंतर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

नीलमही रडायला लागली. "मी धुतलो, आत्ती. माझ्यामुळं झालं."

"तू धुतलीस ते खरं," नागुबाई म्हणाली. "पर सगळं बी एकाच भोपळ्यात कुणी ठेवलं? मीच ठेवलो न्हवं? आणि तुला कधी सांगितलो तरी काय त्यातलं?"

नीलमनं डोळे पुसले. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "मनुआक्कांकडं असंल की."

नागुबाईनं तोंड फिरवलं. "तिच्या दारात मी जाणार न्हाय."

"का, आत्ती?"

मग नागुबाईनं तिला ती चिंधीची गोष्ट सांगितली. नीलमनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तोडताना तुम्ही बघितलासा काय?"

"चिंधी तिच्या परसात पडलती."

"म्हणजे बघितला न्हाईसा."

नागुबाई उठून आत गेली. मे महिना निम्मा सरला होता. मृगाचा पाऊस लागायच्या आत बी मातीत जायला हवं, नाहीतर ते साल गेलं. आणि बीच नसेल तर सगळीच सालं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नागुबाई आपणहून म्हणाली, "पावसाआधी गावच्या घराची कौलं बघून यायला पायजेत." नीलम म्हणाली, "चला, मीबी येतो." कौलं बघायला भोपळा कशाला लागतो, ते दोघींपैकी कुणीच विचारलं नाही. नीलमनं मला पिशवीत घातलं. रिकामं भांडं घेऊन कुणाच्या दारात जाऊ नये, म्हणून माझ्या पोटात दोन ओंजळी तांदूळ भरले. या वेळी आधी मला उन्हात ठेवून खडखडीत वाळवलं होतं, हे मी मुद्दाम सांगतो.

बेळगावहून पॅसेंजरनं आम्ही गुंजीला उतरलो आणि चालत गावात आलो. नागुबाईनं कुलूप काढलं, जाळी-जळमटं बाजूला सारत ती मागच्या दाराशी गेली आणि परसाचं दार उघडलं.

दार उघडून ती तिथंच थांबली. पिशवीच्या तोंडातून मलाही दिसलं. परसात सगळीकडं वाळलेलं गवत होतं. पण कोपऱ्यात, कुंपणाला लागून, चार आळी होती. माती ओली होती. प्रत्येक आळ्यात वीतभर वाढलेले तवशाचे वेल होते, आणि गुरांनी तोंड घालू नये म्हणून भोवती काटक्या रोवल्या होत्या. कुलूपबंद घराच्या परसात.

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून कळशी घेऊन मनुबाई अलीकडं आली. केस पांढरे झालेले, कमरेत वाकलेली. आम्हाला बघून तीही थांबली. दोघी जावा एकमेकींकडं न बघता आळ्याकडं बघत राहिल्या.

शेवटी नीलमनंच विचारलं, "आक्का, ही आळी तुम्ही घातलासा?"

"मग कोण घालणार?" मनुबाई नीलमलाच म्हणाली. "ह्या घरच्यांनी तर कुलूप लावलंय. पहिली मूठ दुसऱ्याच्या घरात द्यायची असती. मी दरसाल ह्याच घरात दिलो. घेणारीनं हात पुढं केला न्हाय, मग कुंपणावरनं टाकलो. औंदा परसात कोण न्हवतं, म्हणून आत येऊन नीट टोकलो."

नागुबाई कोपऱ्याकडं बघत म्हणाली, "दरसाल हितं वेल यायचा. मी म्हणायचो, उंदरानं बी आणलं."

"त्यो उंदीर मीच," मनुबाई म्हणाली. "शिव्याबी ऐकलो त्याला दिलेल्या."

मित्रांनो, नागुबाईचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला सांगता येत नाही. ती आळ्याशेजारी खालीच बसली. "मग ते चिंधीचं फळ, आक्का?"

मनुबाईनं कळशी खाली ठेवली. "वानरं आलती. कुंपणावरचं तवसं एकानं चावलं, ओढून मोडाय लागलं. मी इळा घेऊन धावलो, उरलेलं फळ कापून घेतलो. बी पिकलं हुतं, म्हणलो, बी काढून, वाळवून न्हेऊन देऊया. तवर तू कुंपणाशी येऊन तोंड सोडलीस. मलाबी राग आला. एक शब्द सांगितलो असतो तर मिटलं असतं, पर म्हणलो, सांगायचंच न्हाय हिला. बी मात्र टाकलो न्हाय. सासूचं बी, ते काय तुझं-माझं?"

"चुकलो, आक्का," नागुबाई म्हणाली. "तुला असलं बोलायला नको हुतं."

"व्हय, नको हुतं," मनुबाई म्हणाली. ती काही लगेच विरघळणारी बाई नव्हे. तिनं आळ्यांना पाणी घातलं. मग पाठ वळवूनच म्हणाली, "आणि काय पायजे हुतं?"

सगळं तिला दिसत होतं, तरी तिनं ते नागुबाईच्या तोंडून वदवून घेतलं. नागुबाई म्हणाली, "बी पायजे, आक्का. माझ्यातलं गेलं."

"कशात घेणार?"

नागुबाईनं पिशवीतून मला बाहेर काढलं. नाचणारी माणसं, वॉर्निश, गुलाबी लेस. मनुबाई वळली, तिनं मला डोळे बारीक करून खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "ह्येला काय झालंय गं? कांजण्या उठल्यात काय?"

आधी नीलमला हसू फुटलं, मग नागुबाईला, मग मनुबाईला. तिघी पोट धरून हसल्या. मी त्या दिवशी पहिल्यांदा आरोहीच्या रंगाला मनातल्या मनात माफ केलं.

मनुबाईच्या घरात अजून चूल आहे. तिच्यावर माझा भाऊ टांगलेला होता, काळाकुट्ट, जसाच्या तसा. आम्ही किती वर्षांनी भेटलो. मनुबाईनं माझ्यातले तांदूळ सुपात ओतून घेतले आणि भावाच्या पोटातलं निम्मं बी, राखेसकट, माझ्या पोटात घातलं. बियाचा तो कोरडा खुळखुळाट आतून ऐकला आणि मला पुन्हा भोपळा झाल्यासारखं वाटलं.

मनुबाई बूच लावणार, एवढ्यात नागुबाई म्हणाली, "थांब." तिनं पदराला हात पुसला, माझ्या पोटात घातला, पहिली मूठ भरून काढली आणि मनुबाईपुढं धरली.

"अगं, माझंच बी मला देतीस व्हय?"

"पहिली मूठ दुसऱ्याच्या घरात द्यायची असती," नागुबाई म्हणाली. "लई सालं मागं पडलीया माझी. घे."

मनुबाईनं पदर पसरला आणि घेतली. तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले. ते तिनं चुलीच्या धुरावर ढकललं. धुराला काय, त्याला सवय आहे.

आता मी मनुबाईच्याच चुलीवर, भावाशेजारी टांगलेला आहे. नागुबाईनंच तसं ठरवलं. "धूर हितं हाय, भोपळा हितंच ऱ्हाऊ दे," म्हणाली. नाचणारी माणसं हळूहळू काळी पडत आहेत. आरोही नागुबाईबरोबर गावी आली की म्हणते, "आज्जी, माझं चित्र जातंय." आणि नागुबाई म्हणते, "जाऊ दे की गं, बी ऱ्हातंय न्हवं?" नीलमनं तिच्या वाट्याचं बी मच्छ्याला नेलं. तिथं चूल नाही, म्हणून ते खडखडीत वाळवून, राख घालून, काचेच्या बरणीत घट्ट ठेवते. तिच्या पहिल्या मुठीचं घर म्हणजे शेजारच्या यल्लाप्पांचं. ते कानडी बोलतात, पण तवशाचा वेल त्यांच्याही कुंपणावर चढलाय, आणि गणपतीत त्यांच्याकडून एक तवसं परत आलं.

मित्रांनो, माझं ऐकाल तर दोनच गोष्टी सांगतो. घरात माझ्यासारखं जुनं, काळं, मळकट काही दिसलं, तर घासायच्या आधी घरातल्या कुणाला तरी विचारा, यात काय आहे. आणि घरातल्या थोरांनो, कुणी विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा. बाकी बी राखायचं म्हणाल, तर ते मी करतो, माझा भाऊ करतो, बरणीही करते. पण आम्ही फुटतो, कुजतो, कधी कुणी आम्हाला रंगवून टीव्हीवर टांगतं. माझ्या पोटातलं सगळं बी मेलं, तेव्हा ते तवसं राखलं कुणी? मी नाही. ज्या घरी पहिली मूठ जायची, त्या घरानं राखलं.